पेन्सिलच्या फुलीवर सही

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणाऱ्या ताई 38 वर्षांच्या आहेत. लग्नाला 16 वर्षं झाली. कोल्हापूरच्या एका उपनगरात घर, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. यजमानांचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ताई लग्नाआधी बालवाडीत शिकवायच्या. वर्षभरात ती नोकरी सुटली. आता घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. पैसे त्यांच्या खात्यावर येतात, पण एटीएम कार्ड यजमानांकडं आणि यूपीआय त्यांच्याच फोनवर. भाजीच्या हिशेबाची वही रोज रात्री दाखवायची. मंडईत गेलं की व्हिडिओ कॉल येतो. माहेरी गेल्यावर दोन दिवसांत परत बोलावणं. यजमानांनी हात कधी उगारला नाही, पण मनाविरुद्ध झालं की आठ-आठ दिवस अबोला आणि किराणा बंद. लग्नातला साज आणि पाटल्या धंद्यासाठी गहाण पडल्या आहेत. ताईंच्या नावावर गटाचं एक कर्ज आहे. दुसरं एका ॲपवरचं. ते वसुलीचा फोन आल्यावरच कळलं. आता वडिलांनी बक्षीसपत्रानं दिलेला गडहिंग्लजजवळचा बिनशेती प्लॉट तारण ठेवून पतसंस्थेचं कर्ज काढायचं चाललंय. "सही नावापुरती आहे," असं यजमान म्हणतात. भाऊ म्हणतो, "करून टाक, घरात शांतता राहील." महिनाअखेरीला सही आहे.

ताई विचारतात: "ते मारत नाहीत. दिवाळीला साडी आणतात. बाहेर सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. मला व्यवहारातलं काही कळत नाही. मग याला छळ म्हणायचं का, की मीच जास्त विचार करते? सही करू की नको?"

प्रिय ताई,

दिवस थोडे आहेत, म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ही सही आत्ता करू नका. "नाही" कसं सांगायचं, कधी सांगायचं, तोंडावर सांगायचं की नाही, हे सगळं पुढं बोलू, कारण त्यात तुमचा जीव सांभाळण्याचाही प्रश्न आहे. पण सही नको.

एवढं ठामपणे सांगते त्याला कारण आहे. मी याच शहरातल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात 26 वर्षं काढली. फाईल तयार झाली की सह्यांच्या जागी आम्ही पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवायचो. कर्जदार यायचा, त्याच्या मागून त्याची बायको. टेबलासमोर दोन खुर्च्या असायच्या, तरी ती बऱ्याचदा उभीच. "वहिनी, इथं. आता इथं. हं, आणि इथं." वीस-बावीस सह्या पाच मिनिटांत व्हायच्या. एकदा एका बाईनं पेन थांबवून विचारलं, "मॅडम, हे कशाचं हो?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "कर गं, उशीर व्हायला लागलाय." आणि मी पान उलटलं. दोन वर्षांच्या आत तिच्या नावाची नोटीस माझ्याच टेबलावरून गेली. कागदोपत्री माझी चूक नव्हती. पण त्या दिवशी तिला पाच मिनिटं एकटीला समोर बसवलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही. तुमच्या पत्रात "नावापुरती" हा शब्द वाचला आणि ती फुली डोळ्यांसमोर आली.

आता मूळ प्रश्नाकडं येते. छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुजलेला चेहरा येतो, रॉकेलचा डबा येतो, रात्री-अपरात्री माहेरी आलेली लेक येते. ज्या घरात आवाजसुद्धा चढत नाही तिथली बाई मग स्वतःची समजूत काढत राहते की आपलं बरं आहे. तुम्ही स्वतःला एवढंच विचारा: मी नाही म्हटलं, तर काय होतं? बहुतेक घरांत नाही म्हटलं की वाद होतो, रुसवा होतो, एखादी रात्र जड जाते आणि सकाळी चहा होतो. तुमच्याकडं नाही म्हटलं की आठ दिवस किराणा येत नाही. मुलांच्या डब्यालाही नाही. याला रुसवा म्हणत नाहीत, ताई. ही शिक्षा आहे. आणि शिक्षा ठरलेली आहे हे एकदा कळलं की माणूस नाही म्हणणंच सोडून देतो. मग हात उगारायची वेळच येत नाही. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय की शाळेची सहल ठरली तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मी, तू हो म्हणू नको, आधी पप्पांचा मूड बघ." आठवीतल्या पोरीनं घरातली हवा तुमच्याआधी ओळखलीय.

तुम्हाला हे कुणाला सांगता येत नाही, कारण एकेक गोष्ट सुटी धरली तर तिला चांगलं नाव देता येतं. हिशेबाची वही ही काटकसर. व्हिडिओ कॉल ही काळजी. एटीएम कार्ड त्यांच्याकडं, ती सोय. माहेरून लवकर बोलावणं म्हणजे करमत नाही. पण सगळ्या एकत्र मांडा: पैसा, फोन, माहेर, स्वतःचा वेळ, यातलं तुमच्या हातात काय राहिलं? आपल्या बायका याला "मुठीत ठेवणं" म्हणतात आणि तो शब्द नेमका आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या एका कायद्यानं असं सततचं मुठीत ठेवणं, अंगाला हात लावलेला नसला तरी, गुन्हा ठरवलं. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडं त्या नावाचा वेगळा गुन्हा नाही. पण आपला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा त्याच्याही दहा वर्षं आधीचा, 2005 चा आहे. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, मानसिक छळाच्या जोडीला आर्थिक छळ स्वतंत्रपणे लिहिलाय: घरखर्चाचे पैसे अडवणं, स्त्रीधनाची परस्पर विल्हेवाट लावणं, बाईला तिच्याच मिळकतीपर्यंत पोचू न देणं. तुमचं पत्र आणि ते कलम शेजारी ठेवून मी वाचलं. तुम्ही जास्त विचार करत नाही आहात.

कोल्हापूरला तरी हे परकं वाटू नये. शाहू महाराजांनी 1919 मध्ये या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी दरबारानं जी गोष्ट घराच्या उंबऱ्याआड राहू दिली नाही, तिला आपण आज "त्यांच्या घरातलं आहे" म्हणून वाट देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवाळीची साडी खरी असेल. बाहेरचा देवमाणूसही खरा असेल. गल्लीतल्या मंडळाला वर्गणी देणारा, कुणाच्या आजारपणात गाडी काढणारा माणूस घरात बायकोचं कार्ड खिशात ठेवून असू शकतो. ते चांगले की वाईट, हा निकाल तुम्ही लावायची गरज नाही. तो लागेपर्यंत थांबलात तर आणखी 16 वर्षं जातील.

आणि "मला व्यवहारातलं कळत नाही" हे तर मी मान्यच करणार नाही. कोथिंबिरीच्या जुडीपर्यंतचा हिशेब 16 वर्षं चोख ठेवणारी बाई तुम्ही. मीटरभर कापडात बाही कशी बसवायची हे कळणाऱ्या माणसाला व्याजाचा दर कळत नाही? तुम्हाला कळत नाही असं तुम्हाला सांगितलं गेलं, आणि कळू शकेल असा कागद कधी समोर येऊ दिला नाही. कितीतरी घरांत पैशाचं एकच जण बघतं, आमच्याकडंही विमा आणि घरपट्टी यजमानच बघायचे. पण फाईल कपाटात उघडी असायची. विचारता येतं का, बघता येतं का, नकार देता येतो का, या तीन गोष्टी असल्या की मग सही कोण करतं हा मामुली प्रश्न आहे.

यजमानांची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. शिरोलीला एका मोठ्या कारखान्याची ऑर्डर थांबली की लहान वर्कशॉपची महिनाभराची लाईट बिलं आणि पगार अंगावर येतात, हे मी कर्जाच्या टेबलावर बसून पाहिलंय. पण अडचणीतला माणूस आपलं येणं-देणं बायकोपुढं मांडू शकतो. आधीची दोन कर्जं कुठं गेली हे सांगू शकतो. तसं विचारणं तुम्हाला सुरक्षित वाटत असेल तर विचारा. विचारायच्या कल्पनेनंच पोटात गोळा येत असेल, तर मग तेच उत्तर समजा आणि विचारू नका.

आता सहीबद्दल. कर्जाच्या कागदावर नावापुरती सही अशी चीज नसते. सहकर्जदार म्हणून केलीत तर पूर्ण कर्ज तुमचं. जामीनदार म्हणून केलीत तरी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 नुसार जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. संस्था आधी नवऱ्याकडं मागेल आणि मग तुमच्याकडं, असा काही क्रम नाही. प्लॉट तारण दिलात तर हप्ते थकल्यावर तो जातो. पतसंस्थेचं कर्ज थकलं की सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला घेतात आणि पुढं जप्ती, लिलाव. बँक असली तर 2002 चा सरफेसी कायदा आहे: 60 दिवसांची नोटीस आणि दावा न लावता ताबा. दबावाखाली केलेला करार रद्द करून घेता येतो असं करार कायदा म्हणतो खरा, पण तो दबाव सिद्ध करायचा तुम्ही, वर्षानुवर्षं, हातात पैसा नसताना. म्हणून सगळी ताकद सहीच्या आधी लावायची असते.

तुमच्या भावाला शांतता हवी आहे, मला समजतं. पण साज दिल्यावर ती किती दिवस टिकली? गटाच्या कर्जानंतर किती? प्रत्येक सहीनंतर शांतता होती आणि प्रत्येक वेळी ती संपली. आता तुमच्या नावावर उरलेली शेवटची वस्तू म्हणजे हा प्लॉट. बक्षीसपत्रानं मिळालेली ही जमीन हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 प्रमाणं संपूर्ण तुमची आहे. उद्या कुठला निर्णय घ्यायचा झाला, अगदी याच संसारात मान ताठ ठेवून राहायचा झाला, तरी तिचा आधार लागेल.

सगळ्यात आधी मूळ बक्षीसपत्र कुठं आहे ते बघा. तारण ठेवायला दर वेळी दुय्यम निबंधकांसमोर गहाणखत होतंच असं नाही. काही ठिकाणी मालकाकडून मूळ कागद जमा करून घेऊनही गहाण होतं. कागद माहेरी असतील तर तिथंच राहू देत. तुमच्या घरच्या कपाटात असतील आणि ते हलवले तर लगेच कळणार असेल, तर जिवाची जोखीम घेऊन हलवू नका. कागद नेले म्हणून मालकी जात नाही आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते. प्लॉटचा सातबारा ऑनलाइन बघता येतो. बहिणीच्या फोनवरून उघडा आणि "इतर हक्क" या रकान्यात कुठल्या संस्थेचा बोजा आधीच चढलेला नाही ना, ते तपासा. कोऱ्या चेकवर, कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही मागितली तर ती या कर्जापेक्षाही घातक समजा. सही करून दिलेला कोरा चेक वटला नाही तर फौजदारी खटला तुमच्यावर होतो.

वेळ कसा काढायचा? तोंडावर नकार देऊ नका. ज्याच्या मुठीत सगळं आहे त्याला मूठ सैल होतेय हे कळतं तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. न मारणारा माणूसही तेव्हा पहिल्यांदा हात उचलू शकतो. म्हणून अडचण कागदाची दाखवा. "आबांकडून मूळ प्रत यायचीय," "आईची तब्येत, पुढच्या आठवड्यात जाऊ." आबा हयात आहेत, हे तुमचं बळ आहे. त्यांनी एकदा जावयाला फोन करून "प्लॉटचं मी बोलल्याशिवाय काही करू नका" म्हटलं, तर नकार तुमच्या तोंडून जाणार नाही. दिवस आलाच आणि तुम्हाला निबंधक कार्यालयात नेलंच, तर लक्षात ठेवा: दस्त करून दिल्याची कबुली तुम्हाला स्वतः अधिकाऱ्यासमोर द्यावी लागते आणि तुम्ही ती नाकारलीत तर तो नोंदणी नाकारतो. पण हे शेवटचं. त्या दिवशी घरी परत कुणाबरोबर जाणार आहात, हे ठरवल्याशिवाय ते करू नका.

आधीची कर्जं तशीच सोडून चालणार नाही. तुमच्या नावावर किती कर्जं आहेत हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ज्याला सगळे "सिबिल" म्हणतात तो अहवाल. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. ओटीपी तुमच्या मोबाईलवर येणार, म्हणून यजमान घरात नसताना आणि ईमेल बहिणीचा देऊन काढा. ॲपचं कर्ज तुम्ही घेतलेलंच नाही असं निघालं, तर त्या कंपनीकडं लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याची माहिती 14448 वर मिळते. सायबर फसवणुकीसाठी 1930 आहे. पण तुमच्या बाबतीत ही तक्रार फिरून यजमानांवरच येणार, म्हणून आधी वकिलाशी बोला. पासबुक मात्र आजच भरून आणता येईल. 2022 पासून डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच खात्यात जमा करावी लागते, त्यामुळं पैसे कधी आले आणि कुठं गेले याची नोंद तुमच्याच पासबुकात सापडण्याची शक्यता आहे. खातं तुमचं आहे. पासबुक आणि विड्रॉल स्लिपवर सही एवढ्यावर शाखेत पैसे काढता येतात, कार्ड लागत नाही.

गटाच्या कर्जाचे लोक संध्याकाळी सातला दारात येतात असं लिहिलंय. ते मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर 2022 च्या नियमानुसार सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करायलाही त्यांना मनाई आहे. वसुली ठरलेल्या जागी करायची असते. तिथं तुम्ही दोन किंवा जास्त वेळा सलग आला नाहीत तरच घरी येता येतं. शेजारच्या बायकांसमोर बोलून अब्रू घालवणं तर कुठल्याच नियमात बसत नाही. हे त्यांना शांतपणे सांगा. हे नियम पाठ असलेली बाई समोर आहे म्हटल्यावर आवाज उतरतो, हे मी पाहिलंय.

साज आणि पाटल्या गेल्या असं तुम्ही भूतकाळात लिहिलंय. गेल्या नाहीत. लग्नात माहेरानं, सासरानं, पाहुण्यांनी तुम्हाला दिलेलं ते स्त्रीधन, आणि सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच सांगितलंय की त्याची पूर्ण मालकी बाईची. नवऱ्याकडं ते फक्त विश्वासानं ठेवलेलं असतं. ते परत मिळवण्याचा आदेश 2005 च्या कायद्याखाली मागता येतो. पुरावा काय, तर गुजरीतल्या सराफाची पावती, लग्नाची याद, आणि काहीच नसेल तर अल्बम. लग्नातल्या फोटोत साज गळ्यात दिसतोय ना? तो फोटो कागदाइतकाच मोलाचा.

"केस" या शब्दाची भीती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे. 2005 चा कायदा मुख्यतः संरक्षण मागण्यासाठी आहे. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही आणि घर सोडावं लागत नाही. घर त्यांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ज्या घरात तुम्ही संसार केलात तिथं राहण्याचा हक्क कायदा देतो. सासऱ्यांच्या घराबाबत हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. मॅजिस्ट्रेटला खर्चाची रक्कम ठरवून देता येते. एकत्र वापरातली खाती, लॉकर, मालमत्ता परवानगीशिवाय हलवू नका, असाही आदेश देता येतो, आणि गरज पडली तर तात्पुरता आदेश लगेच. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ती आशा लावून तुम्हाला फसवणार नाही. आदेश मोडला तर मात्र वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सततच्या क्रूर वागणुकीची फौजदारी तक्रार हा वेगळा रस्ता; जुनं 498-अ ते 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 85 झालंय. तो लगेच घ्या असं मी म्हणत नाही.

पहिलं पाऊल यापेक्षा लहान आहे. 181 ही महिलांची हेल्पलाइन. नुसतं बोलायलासुद्धा फोन करता येतो. महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी तुमची हकीकत विहित नमुन्यात लिहून घेतात, त्याचे पैसे पडत नाहीत. वकिलाची फी कुठून आणायची, हा प्रश्न सोडून द्या: 1987 च्या कायद्यानं बाईला, तिचं किंवा घराचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा किंवा 15100 ला फोन करा. आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा. यजमानांनी कधी एकदाही गळा धरला, तर ते रागाच्या भरात झालं म्हणून सोडायचं नाही. तो पुढच्या मोठ्या धोक्याचा इशारा असतो. त्या क्षणी मुलांसह बाहेर आणि 112.

भाऊबंदांची बैठक बोलवावी का, असं विचारलंत. त्यांच्यासमोर बसून तुम्ही मोकळं बोलू शकाल, आणि बैठक संपल्यावर त्याच घरात निर्धास्त झोपू शकाल, असं वाटत असेल तरच. नाहीतर बैठकीत "थोडं समजून घे" एवढंच तुमच्या पदरी पडेल आणि रात्री हिशेब वेगळाच होईल.

फोनबद्दल थोडं. तुमचं लोकेशन चालू असतं, व्हॉट्सॲप यजमानांच्या कॉम्प्युटरवर उघडलेलं असू शकतं. आज रात्रीच सगळे पासवर्ड बदलू नका; ते लगेच लक्षात येईल. महत्त्वाचं बोलणं बहिणीच्या फोनवरून करा. तुमच्या नावावर किती सिम कार्डं आहेत हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर दिसतं, तेही तिथूनच बघा.

इतर वाचकांशीही मला बोलायचंय. करवीर तालुक्यातल्या एका बाईनं मागं लिहिलं होतं: चार म्हशींची धार ती काढते, शेण ती काढते, डेअरीला दूध ती घालते, आणि दर दहा दिवसांचं बिल नवऱ्याच्या खात्यात. दूध संस्थेचं सभासदत्व कुणाच्या नावावर आहे, लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये आले की पासबुक कुणाच्या खिशात जातं, हे आपापल्या घरात एकदा बघा. लेकीला जमीन दिलेल्या बापांनो, तिचे मूळ कागद तिला विचारून सांभाळा. भावांनो, बहीण "सही मागतायत" म्हणाली की पहिला प्रश्न "तुला करायची आहे का?" हा असू द्या. बँकेत, पतसंस्थेत, सोनेतारणाच्या काउंटरवर बसणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे. बाईला दोन मिनिटं एकटीला बसवा. नवऱ्याला झेरॉक्स आणायला पाठवा. "हे कर्ज फिटलं नाही तर तुमचा प्लॉट जाईल, हे माहीत आहे का?" एवढं तिच्या डोळ्यांत बघून विचारा. तिनं मान खाली घातली तर त्या दिवशी फाईल बंद करा. पुढची तारीख द्यायला कारणं शंभर असतात.

ताई, मला पुन्हा लिहिणार असाल तर तुमच्या फोनवरून नको. येत्या आठवड्यात आईला बघायला म्हणून गडहिंग्लजला जाता आलं, तर बक्षीसपत्र, आधार, पॅन, पासबुक आणि साजाची पावती सापडली तर ती, या सगळ्यांचे फोटो बहिणीला तिच्या फोनवर काढू द्या. पावती नाहीच मिळाली, तर आईकडच्या अल्बममधला तो फोटो काढून घ्या, ज्यात साजाची पानं मोजता येतील.